भुताच्या गोष्टीची चिरफाड करणाऱ्या मॅडम

मेश्राम मॅडमची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडत मी होते, मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या साठीनिमित्तच्या पुस्तकासाठी माझा लेख मागायला समितीची माणसं घरी आली, तेव्हा हे मी आधीच सांगून टाकलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, गोड गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, जसं झालं तसं लिहा. तर लिहिते.

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासोळी धरतो, सानगडीच्या बाजारात विकतो. माझी सासू सकाळपासून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर असते. जाळ्यांवर लक्ष ठेवते, तिथंच आंघोळ करते आणि पांढरे केस मोकळे सोडून उन्हात बसते. मॅडम आमच्या शाळेत सातवीला मराठी शिकवत होत्या. एक दिवस त्यांनी वर्गात भुताची गोष्ट वाचली. दिवस बुडताना एक वाटसरू तलावाच्या पाळीवरून जातो, त्याला पांढऱ्या केसांची बाई दिसते, चपला टाकून तो पळतो आणि घरी जाऊन तापाने फणफणतो. मॅडम वाचतात फार छान. इतकं छान की पोरांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात घंटा झाली आणि मॅडम दुसऱ्या वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून पोरं पाळीवरून जाईनात. लांबच्या रस्त्याने शाळेत जाऊ लागली. सासूने हाक मारली की पळत. एकदोन बायकांनी तिच्या हातची मासोळी घेतली नाही. तेही मी सोसलं असतं. पण माझी पल्लवी त्याच वर्गात होती. रोज आजीच्या कुशीत झोपणारी पोरगी माझ्या अंगाला येऊन चिकटली. सकाळी सासूने मला कैची मागितली. कशाला म्हटलं, तर म्हणाली, "केस काढून टाकतो वं. पोरगी भेते मले."

मी कैची लपवली आणि मासोळीची टोपली घेऊन तशीच वर्गात शिरले.

"मॅडम, पोराईले शिकवून राहिल्या का भेव घालून राहिल्या?"

दुसरं कोणी असतं तर शिपायाला हाक मारली असती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, टोपली खिडकीत ठेवायला सांगितली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मग पोरांसमोरच म्हणाल्या की चूक त्यांची स्वतःची आहे. भिऊन झालं, पण आपण भ्यालो कसे हे पाहायचं राहिलं. शिकवणाऱ्या माणसाने पोरांसमोर असं कबूल केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एकीकडे लिहिलं 'दिसलं', दुसरीकडे 'वाटलं'. गोष्टीतलं एकेक वाक्य कुठं बसतं ते पोरांनी सांगायचं. मग जो कालवा झाला त्याला काही हिशोब नाही. एक पोरगा म्हणाला, तिचे पाय उलटे होते. मॅडम म्हणाल्या, ओळ दाखव. त्याने पुस्तक पालथं घातलं, पाय कुठंच नव्हते. ते त्याने घरूनच आणले होते. वर्ग हसला, तोही हसला. एका पोरीने शोधून काढलं की पाळीवर यायच्या आधीच चहावाल्याने वाटसरूला सांगून ठेवलं होतं, तलाव वाईट आहे. म्हणजे भेव त्याच्यासोबतच चालत आलं होतं. 'वाटलं'ची बाजू खालपर्यंत भरली. 'दिसलं'मध्ये उरलं काय, तर एक बाई, ओले केस आणि पाणी.

मला धीर निघत नाही. मी मध्येच टोकलं की मग त्या बाईनं केलं काय, ते सांगा ना. मॅडम चिडल्या नाहीत. तोच प्रश्न त्यांनी वर्गाला विचारला. मग मान खाली घालून माझी पल्लवी उठली.

"मॅडम, तिनं काहीच नाही केलं. आंग धुऊन केस वाळवून राहिली होती."

मी आपली खिडकीकडे पाहत राहिले. मग मॅडमनी विचारलं, त्या बाईला काय दिसलं असेल? मागून कोणी तरी म्हणालं, "येडा दिसला असन." मीच सगळ्यात जोरात हसले. मॅडमनी घरचा अभ्यास दिला, हीच गोष्ट त्या बाईच्या तोंडून लिहा.

पोरांचं लिहून झाल्यावर मॅडम सगळा वर्ग घेऊन पाळीवर आल्या. सासू डोक्यावर पदर ओढून पाठ फिरवून बसली. मॅडम तिच्या बाजूला गवतावर बसल्या आणि पोरं वाचू लागली. कोणाची बाई वाटसरूला पाणी द्यायला धावते, कोणाची बाई चपलांचा मालक शोधत गावभर फिरते. हळूहळू सासूचं तोंड इकडे वळलं. एका गोष्टीत बाईने त्या चपला स्वतःच घातल्या, तेव्हा बुढी म्हणाली, "बेस केलं. कायले सोडाच्या?" पल्लवी तिच्या मागे जाऊन बसली, पदर बाजूला सारला आणि बोटांनी केसांचा गुंता काढू लागली.

पुढे पालकसभेत काही जणांनी भुताची गोष्ट बंद करा म्हटलं. मॅडम म्हणाल्या, बंद केली तर पोरं भ्यायला घरीच शिकतील आणि घरी फळा नसतो. मग मी उठले. हे भांडण मी मॅडमच्या बाजूने केलं. गोष्ट चालू राहिली.

सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. त्या दिवशी मला बाजार सोडता येईना, तर मॅडम सुट्टी टाकून तिच्या खाटेजवळ बसल्या. घरी येऊन बुढी म्हणाली, "तुयापेक्षा बरी हाय ते. कटकट नाही करत." खोटं नाही.

मॅडम आता लाखनीला राहतात. केसांना रंग लावतात. मला ते पटत नाही, तोंडावर सांगितलं आहे. मॅडम, तुमचे गुडघे चालते राहोत, नजर साफ राहो, जेवण गोड लागो. एकूण एक केस पांढरा होईपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, तुम्ही आमच्या पाळीवर येत राहा. बुढीच्या बाजूला केस मोकळे सोडून उन्हात बसा. गावातलं एकही पोर पळणार नाही.