हाताची घडी

माझी धाकटी बहीण दीप्ती जन्मापासून बहिरी. हे सांगितलं की लोक चुकचुकतात आणि माझं डोकं फिरतं. चुकचुकायचंच असेल तर तिच्या शाळेसाठी चुकचुका.

शाळा मूकबधिरांची होती. नाव सांगत नाही, कारण त्या काळी अशा बहुतेक शाळांत तेच चालायचं. आरशात ओठ बघायचे, बाईंच्या गळ्याला हात लावायचा, फुंकर मारून 'प' म्हणायचं. मुलं आपापसांत हातांनी बोलायला लागली की बाई पट्टी आपटायच्या आणि हाताची घडी घालायला लावायच्या. आमच्या शाळेत गप्प करायला हाताची घडी आणि वर तोंडावर बोट लागायचं. दीप्तीच्या शाळेत नुसती घडी पुरायची. हात बांधले की पोर मुकं.

"हातवारे केले तर बोलायला कधी शिकणार?" असं बाई आमच्या आईला, मीनाबाईला विचारायच्या आणि आई मान डोलवायची. इतकी वर्षं फुंकरा मारून दीप्तीला जे चार शब्द आले, ते घराबाहेर कुणाला कळायचे नाहीत. हातांची भाषा ती मोठ्या मुलींकडून संडासामागे चोरून शिकली आणि घरी येऊन मला शिकवली. माझी खूण चुकली की फटका द्यायची. पट्टीचा वसूल करत असणार.

शाळा संपल्यावर ती मंगळवार पेठेत ब्लाउज शिवायला लागली. रविवारी संध्याकाळी मात्र एसटी स्टँडवर. कुठं जायला नव्हे, बोलायला. अंधार पडला की या मंडळींचं बोलणं बंद पडतं आणि स्टँडवर ट्यूबलाइट असतात, म्हणून गावातल्या बहिऱ्यांचा अड्डा तिथं भरायचा. पेठ वडगावचा प्रसेनजीत तिला तिथंच भेटला. तोही बहिरा, लेथवर काम करणारा, आणि गप्पांत कुणाला हार जाणार नाही असा.

नव्याण्णव साली बधिर दिनाला या लोकांनी बिंदू चौकातून मोर्चा काढला. पाट्यांवर लिहिलं होतं, 'आमची भाषा आमच्या शाळेत शिकवा.' बंदोबस्ताचा हवालदार कंटाळून म्हणाला, "पावणं, घोषणा तरी द्या की! मोर्चा हाय का मयत?" मी ते दीप्तीला हातांनी सांगितलं. तिनं आपली पाटी त्याच्याच हातात दिली आणि पुढं चालू लागली.

आमचे आप्पा, म्हणजे वडील बाबासो, बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर. मोर्चाची बातमी खात्यात पोचली आणि ते तापून घरी आले. "चारचौघांत माकडावानी हातवारं करत फिरती! लगीन कोन करंल हिच्याशी?"

त्यांनी एक बिजवर आणला, पानपट्टीवाला. पोहे खाता खाता तो म्हणाला, "बोलत न्हाय ते बरंच हाय. भांडायची तरी न्हाय." दीप्तीनं मला विचारलं, काय म्हणाला? मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं त्याच्या पुढ्यातली बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवशी ती मला जगात सगळ्यात जास्त आवडली.

शेवटी दोन हजार दोनच्या मे महिन्यात प्रसेनजीतशीच लग्न ठरलं. आप्पा कबूल झाले, पण अट घालून. आमच्या बौद्ध लग्नात वर-वधू सगळ्यांसमोर स्वतः प्रतिज्ञा म्हणतात. आप्पा म्हणाले, "पावण्यारावळ्यांत हातवारं चालायचं न्हाईत. हात जोडून गप उभं ऱ्हायचं. हिचं मामा म्हनंल, त्याचं त्येचा चुलता म्हनंल." मी ते दीप्तीला हातांनी सांगितलं. मला एवढंच म्हणाली, तू माझ्याजवळ उभी राहा.

बावड्याच्या विहारात मांडव भरला होता. एका बाजूला आमचे पाहुणे, दुसऱ्या बाजूला स्टँडवरची सगळी मंडळी. बौद्धाचार्य गणपतरावांनी आधी वराच्या प्रतिज्ञा घेतल्या. चुलत्यानं त्या भराभर उरकल्या. प्रसेनजीत हात जोडून समोरच्या मेणबत्तीकडे बघत होता. स्टँडवरच्या मंडळींनी माना खाली घातल्या.

मग दीप्तीची पहिली प्रतिज्ञा. पिराजीमामानं घसा खाकरला. तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या दीप्तीनं जोडलेले हात सोडले.

"हात जोड!" आप्पा खालून ओरडले. मांडवात कुजबुज सुरू झाली. काही बायका हसल्या.

दीप्ती लोकांकडे वळली. तिनं एक हात छातीवर आडवा दुमडला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. एकेकाकडे बघत, बाई बघायच्या तसंच. शाळेत गेलेला कुठला माणूस ती खूण विसरेल? अख्खा मांडव चिडीचूप झाला.

मग तिनं प्रसेनजीतला हातांनी प्रतिज्ञा सांगितली. लग्न माझं आहे, मामाचं नाही, हेही सांगून टाकलं. मी सगळं मोठ्यानं म्हणत गेले. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीला मात्र माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दीप्तीचे हात थांबले आणि लोक माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुला कदी फसवायची न्हाय म्हनती ती," आप्पा म्हणाले.

मी चमकून बघितलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं जेवताना आम्हा बहिणींच्या हातांकडे बघून त्यांना सगळं कळत होतं आणि तरी माणूस माकड म्हणत आला होता! रागही आला, रडूही आलं. उरलेल्या दोन प्रतिज्ञा मी रडत रडतच म्हटल्या.

गणपतराव हार मागवणार, एवढ्यात प्रसेनजीतनं त्यांच्या हातातल्या पुस्तकावर पंजा ठेवला. माझ्या प्रतिज्ञा पुन्हा घ्या, तो हातांनी म्हणाला. मी ते मोठ्यानं सांगितलं.

चुलता तडकला. "अरं, तुझं झालं की! मी म्हनलो न्हवं? पंगत खोळंबलीया, सोड आता!"

आप्पा उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.