मदतीला कधी हाक मारलीस?

आलापल्लीच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथी कोणाले घाबरू नको. तुले सगळं येते." मी प्रसूतिशास्त्र शिकायला इंग्लंडला निघाले होते. त्याआधी वर्षभर जवळच्या सरकारी दवाखान्यात बाँडची, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची नोकरी केली होती, एकटी डॉक्टर म्हणून. सगळं येतं असं मलाही वाटायचं.

इथे इंग्लंडमध्ये, आधी किती वर्षं काम केलं हे कोणी विचारत नाही. एकेक काम वरिष्ठांसमोर करून दाखवायचं. ते बघतात, प्रश्न विचारतात, मग पोर्टफोलिओत, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, लिहितात: देखरेख लागते, की एकटीवर सोपवता येईल. माझी पहिली परीक्षा बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची होती, प्लास्टिकच्या पुतळ्यावर. इंजेक्शन, सलाईन, गर्भाशयावर दाब. हात भराभर चालले. संपल्यावर परीक्षक बाईंनी एवढंच विचारलं, "मदतीला कधी हाक मारलीस?"

मारलीच नव्हती. त्यांच्या यादीत ती पहिली ओळ होती. शेरा मिळाला: देखरेख लागते.

बाथरूममध्ये जाऊन रडले, पण शेऱ्यासाठी नाही. मला सुनंदा आठवली. बाँडच्या वर्षातली माझी पेशंट. मुलगी झाली आणि रक्त थांबेना. शांता सिस्टर म्हणाल्या होत्या, "म्याडम, आताच गडचिरोलीले पाठवा." मी म्हटलं, थांबेल. तास गेला. मग अॅम्ब्युलन्स निघाली, आणि सुनंदा रस्त्यातच गेली. 'सर्व प्रयत्न करूनही' असं मी कागदावर लिहिलं आणि ते खरंही मानलं.

काही महिन्यांनी 'एकटीवर सोपवता येईल' असा शेरा मिळाला. घरी फोन केला नाही.

सुट्टीत गावी असताना सुनंदाच्या नवऱ्याकडे, मिलिंदभाऊंकडे गेले. ते अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. उभ्यानंच सांगितलं, "भाऊ, मीनं उशीर केला. सिस्टर म्हणत होत्या, मीनं ऐकलं नाई."

ते फुलं पसरत राहिले. मग म्हणाले, "आता दवाखान्यात कोण हाय?"

"नवीन डॉक्टर. औंदाच पास झाली."

"एकटीच?"

"हो."

ते उठून आत गेले. परत बाहेर आले नाहीत.

बाबा अजून फोनवर विचारतात, घरी कधी येतेस? घर म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना कसं सांगू? घर म्हटलं की आता मला ते अंगण दिसतं, जिथं मी खरं बोलले आणि मला कोणी 'बैस' म्हटलं नाही.