दोन मिनिटांची कोलंबी

एका वेळी एकच घड्याळ उघडायचं, हा मास्तरांचा नियम. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी एकदा दोन घड्याळं शेजारी शेजारी उघडली होती. याचे स्क्रू त्यात गेले, त्याचं चाक यात आलं, आणि पुढे एक घड्याळ घोड्यासारखं पळू लागलं तर दुसरं जांभया देत बसलं. उस्तादांनी त्या दिवशी कान असा पिळला की नियम कायमचा डोक्यात बसला. एक्केचाळीस वर्षं झाली. दुसरं गिऱ्हाईक नुसता पट्टा बदलायला आलं तरी मास्तर भिंगातून डोळा न काढता एक बोट वर करत. म्हणजे, थांबा.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक दिवा, गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, आणि भिंतीवर अकरा घड्याळं, ज्यांचं आपापसात कधीच पटलं नाही. मास्तरांकडे घड्याळाची वेळ दुरुस्त होते, पण तोवर आपली जाते, असं गल्लीतले लोक म्हणत. तरी येत मात्र त्यांच्याचकडे, कारण त्या टेबलावरून बिघडलेलं घड्याळ परत गेल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्यांची बायको एका नाटक कंपनीच्या कपडेपटात होती. तीस वर्षं तिने राजांच्या अंगरख्यांना बटणं लावली, सेनापतींच्या फाटक्या कोपरांना ठिगळं लावली आणि भिकाऱ्यांच्या नव्या सदऱ्यांना कात्रीने मुद्दाम भोकं पाडली. कंपनी दर वर्षी दौऱ्यावर जाई. ही स्टेशनपर्यंत पेट्या पोचवून घरी येई. यंदा कपडेपटाच्या मुख्य बाई गुडघ्यापायी घरी बसल्या, आणि मॅनेजरनी हिला बोलावून सांगितलं, "बाई, आता सगळं तुमच्या ताब्यात. सहा आठवड्यांचा दौरा आहे. येताय की नाही, ते सोमवारपर्यंत कळवा."

तिने दोन दिवस घरात चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी गेले तर तुम्ही खाणार काय?"

"बघू की."

"बघून पोट भरत नाही. मीठ कुठल्या डब्यात असतं, ते तरी ठाऊक आहे का?"

मास्तरांनी मोठ्या आत्मविश्वासाने साखरेच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"झालं," ती म्हणाली. "तुमच्या घशात साखरेची आमटी, आणि माझ्या घशात तिकडे घास अडकायचा. असं करा. रविवारी एक जेवण स्वतःच्या हाताने रांधून दाखवा. माणसाने खाण्याजोगं. जमलं तर मी हो कळवते. नाहीतर राहू दे, तीस वर्षं नाही गेले, तशी याही वर्षी नाही जाणार."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हणून टाकलं, पण मास्तर काही कालचे नव्हते. भांडी विसळताना ती दौऱ्यावरच्या गावांची नावं ओळीने पुटपुटते, हे त्यांनी ऐकलं होतं. तिला जायचं होतं. अगदी जिवापाड जायचं होतं. मास्तरांना स्वतःला काय हवं होतं, हे मात्र त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. काही घड्याळं आपण नुसती हलवून कानाशी धरतो; उघडत नाही.

आता रांधायचं काय? इथे मास्तरांनी अक्कल लढवली. भात केला तर बायको म्हणणार, चिकट झाला. भाजी केली तर म्हणणार, माझी अशी होत नाही. तेव्हा करायचं ते असं, की जे या घरात कोणीच कधी खाल्लेलं नाही. ज्याची चवच ठाऊक नाही, ते बिघडलं हे सांगणार कोण?

त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, बोटीवरचा निवृत्त खानसामा. मेक्सिकोच्या एका बंदरात बोट दोन महिने अडकून पडली होती, तेव्हा तो तिथल्या एका खाणावळीत लसणातली कोलंबी करायला शिकला होता. स्टुलावर बसून त्याने मास्तरांना सगळं सांगितलं. दोन गड्डे लसूण बारीक चिरायचा. भरपूर तेलात अगदी मंद आचेवर ठेवायचा, वर लिंबू पिळायचं, सुकी लाल मिरची मोडून टाकायची. लसूण सोनेरी झाला की काढून बाजूला ठेवायचा. मग त्याच तेलात कोलंबी.

"किती मिनिटं?" मास्तरांनी पेन्सिल सरसावली.

"लसणाला मिनिटं नसतात, मास्तर. रंग बघायचा. सोनेरी म्हणजे अमृत, तांबूस म्हणजे विष. डुलकी लागली तर सगळं कडू."

"आणि कोलंबी?"

"तिला दोन मिनिटं. एक बाजू एक मिनिट, दुसरी बाजू एक मिनिट. तिसरं लागलं की खोडरबर."

दोन मिनिटं! मास्तरांचा चेहरा खुलला. स्वयंपाकात आपल्या ओळखीचं कोणीतरी भेटलं, असं त्यांना झालं.

रविवारी सकाळी त्यांनी चोवीस कोलंब्या आणल्या. मासेवालीसमोर खिशातून भिंग काढून एकेक तपासून घेतली, तेव्हा ती म्हणाली, "काका, लग्न ठरवताय की काय तिचं?" घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा काढायला त्यांनी दुकानातला बारीक चिमटा आणला होता, उकळत्या पाण्यातून काढून. दोरा एका ओढीत अख्खा निघाला की ते स्वतःशीच "हं" म्हणत. चोवीस वेळा "हं" झालं. सोललेल्या कोलंब्या चार ओळींत सहा-सहा मांडल्या गेल्या, सगळ्यांची शेपटी एकाच दिशेला.

पंच म्हणून बायकोने धाकट्या बहिणीला बोलावलं होतं. भाऊजींची टिंगल करायची संधी असली की ही बाई ताप अंगावर काढूनही येत असे.

"भाऊजी," ती बाहेरूनच ओरडली, "मी घरून खाऊनच येणार होते, पण म्हटलं, नको, विम्याचे कागद बरोबर घ्यावेत!"

"आत यायचं नाही कोणी," आतून उत्तर आलं.

लसूण तेलात पडला. मास्तरांनी गॅस इतका बारीक केला की ज्योत आहे की नाही हे वाकून बघावं लागे. हळूहळू घरभर वास पसरला, आणि बाहेरच्या खोलीतली टिंगल जरा थंडावली. लसूण पांढऱ्याचा फिकट पिवळा झाला, मग गवताच्या काडीसारखा, मग सोनेरी.

आणि तेव्हाच मास्तरांच्या मनात ते आलं. गॅस बंद करायला हात पुढे केला होता, तो तसाच बटणावर राहिला. दार लोटलेलं. कोणी बघत नव्हतं. अर्धं मिनिट खिडकीबाहेर पाहिलं असतं तरी पुरे होतं. लसूण तांबूस झाला असता, सगळं कडू झालं असतं. सोमवारी नकार गेला असता, आणि दोष कोणाचा? लसणाचा. सहा आठवडे रिकाम्या घरात चावी फिरवून आत येण्याची पाळी आली नसती.

बाहेर बायको बहिणीला सांगत होती, "राजाचा जरीचा झगा घडी करताना प्रत्येक घडीत मऊ कागद घालायचा. मधल्या पेटीत, अगदी वर. मी आलेच त्या जागी, तर कोणाला हात लावू देणार नाही त्याला."

मास्तरांनी गॅस बंद केला. चमच्याने लसूण वाटीत काढला. बिघडलेलं काम जाणूनबुजून बाहेर पाठवायचं, हे त्या हातांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आता कोलंबी. पॅन पसरट होतं; एका वेळी दहा-बारा सहज मावल्या असत्या. पण मास्तरांच्या डोक्यात तसा विचार यायलाही जागा नव्हती. त्यांनी पहिली कोलंबी चिमट्याने उचलली, तेलात ठेवली, स्टॉपवॉच दाबलं. एक मिनिट. उलटली. एक मिनिट. बशीत काढली, चिमूटभर मीठ, वर चमचाभर लसूण. दार उघडलं, बशी बाहेरच्या टेबलावर ठेवली आणि आत गेले.

दोघी बहिणी त्या बशीकडे बघत राहिल्या.

"ताई, ही नमुन्याला आहे का?"

"खा गार व्हायच्या आत. पुढची येईल," आतून मास्तर म्हणाले.

पुढची आली. दोन मिनिटांनी. तीही एकटीच.

"अहो!" बायको ओरडली. "एकेक का टाकताय? सगळ्या टाका की!"

दारातून एक बोट वर झालं.

"आटपलं," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "दुकान उघडलंय."

"चोवीस दुणे अठ्ठेचाळीस," बहिणीने हिशोब केला. "ताई, विणकाम आणलं असतं तर तुझ्या जावयाचा स्वेटर झाला असता. भाऊजी, पाचवीचा नंबर लागला का? टोकन द्या!"

पण गंमत अशी की प्रत्येक कोलंबी पॅनमधून थेट येत होती. कड किंचित कुरकुरीत, आत रसाळ, लसूण मधासारखा मऊ, लिंबाचा आंबटपणा आधी आणि मिरची मागून. मधल्या दोन मिनिटांत बहिणीने आणलेला पाव बशीतल्या तेलात बुडवून खायचा आणि दाराकडे बघायचं. सातवीपर्यंत टिंगल चालू होती. बारावीला बहीण म्हणाली, "ही तुझी नाही, माझी आहे. मागची तू घेतलीस." सोळावीला दोघींत खरोखरची वादावादी झाली. त्यानंतर दोघींचे डोळे दारावरच. दार करकरलं की माना एकदम वर होत.

चोविसावी आली तेव्हा बायकोने बशी बहिणीच्या हाताखालून ओढून घेतली आणि सरळ आत गेली. मास्तर घामाने निथळत पॅनकडे बघत उभे होते.

"तुम्ही किती खाल्ल्या?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "स्वतःसाठी ठेवायच्या राहिल्या."

"घ्या. तोंड उघडा."

त्यांनी खाल्ली. "बरी झाली आहे," ते म्हणाले.

"बरी? आमच्या एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी होत्या. पण परीक्षा कशाची होती? स्वतःचं पोट भरता येतं का, याची. तुम्ही आमची भरलीत आणि स्वतः उपाशी."

"म्हणजे नापास?"

बायकोने मान तिरकी केली. "नापास म्हणताना आवाज एवढा टवटवीत कसा हो?"

मास्तरांनी चिमटा पुसला. आधीच पुसलेला होता. मग म्हणाले, "लसूण जाळणार होतो मी."

"काय?"

"मुद्दाम. म्हणजे तू राहिली असतीस."

नळाखाली ठेवलेल्या भांड्यात थेंब थेंब पडत होते. बाहेरून बहीण ओरडली, "पंचविसावी आहे का, की दुकान बंद?"

"मग जाळलात का नाही?"

"जमलं नाही."

ती जवळ आली. मग पदराने त्यांच्या कपाळाचा घाम टिपला, आणि तो टिपताना उगाच रागावल्यासारखं बोलली, "खरं सांगा, मी गेले तर काय खाणार? हे तर तुम्ही एकट्यासाठी करणार नाही."

"छे. एकट्यासाठी एवढं कोण उभं राहील? अंडी उकडीन. साडेसहा मिनिटं ठेवली की पिवळं बरोबर मऊ राहतं. भात लावीन. दुकानात स्टोव्हवर करतो की मी, तू माहेरी जातेस तेव्हा."

"म्हणजे तेव्हा खाणावळीत जेवत नव्हतात? तुम्हाला अंडं उकडता येतं? भात येतो?"

"त्यात काय आहे? मिनिटांचंच तर काम."

"आणि मीठ? ते साखरेचं बोट?"

"ते या घरात. दुकानात डबा एकच आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

मास्तर बशी विसळू लागले. आता या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालेलंच होतं, आणि तिला ते मिळाल्याचं त्यांना दिसलं होतं.

"लबाड!" ती म्हणाली. "तीस वर्षं माझ्या जिवाला घोर, आणि हा माणूस गुपचूप अंडी उकडतोय!" पण बोलता बोलता ती बाहेर गेलीसुद्धा. बहिणीला म्हणाली, "सरक, फोन दे इकडे." सोमवार उजाडायची वाट कोणी बघितली नाही.

मास्तरांनी ऐकू यावं म्हणून नळ बंद केला.

"हो, मीच बोलतेय. येते म्हणून सांगायला केला फोन... हो, नक्की. पेट्यांच्या किल्ल्या मात्र माझ्याकडेच राहतील, हे आधीच सांगते... सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस ना? मध्ये सुट्टी नाही एकही? बरं. बरं."

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाली, "बेचाळीस."

"ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.