नर्सबाई जोडीनंच येणार

आमच्या राजूरच्या नर्सबाईंना न घाबरणारा माणूस उभ्या अकोले तालुक्यात अजून जन्माला यायचाय, आणि आला असता तरी त्याची नाळ त्यांनीच कापली असती. डोंगरातल्या बायकांची बाळंतपणं करण्यात बाईंची सारी नोकरी गेली. त्यामुळे पुढारी असो, किराणावाला असो की बँडवाला, बाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिला तो नागडा आणि रडताना. अशा माणसाने मोठेपणी मिशीला पीळ देऊन काही बोलावं आणि बाईंनी ते ऐकून घ्यावं, छे! एकदा भर बाजारात एक पुढारी म्हणाला, "बाई, या वयात तरी लोकलाजेचं बघा." बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "तू पायाळू ना रं? उलटा आल्तास, आईचा जीव जाता जाता ऱ्हायला. तवापासून उलटाच चालतुयास. जा घरी, लाज कशाला म्हंत्यात ते तिला इचार." पुढाऱ्याने गुमान रस्ता धरला.

लोकलाज होती ती मास्तरीणबाईंची. त्या मराठी शाळेत शिकवायला आल्या, नर्सबाईंकडे भाड्याने खोली घेतली, आणि महिन्याभरात वेगळी खोलीही संपली आणि भाडंही. लोक बिचारे आपणच समजूत घालून घ्यायचे, मैत्रिणी असतील, लांबच्या बहिणी असतील. नर्सबाई त्यांना रस्त्यात थांबवून सांगायच्या, "बहीण न्हाई. माझं मानूस हाय ते." हे कधी, तर या नात्याला आमच्याकडे धड शब्द नव्हता तेव्हा. शिव्या मात्र भरपूर होत्या. घरावर दगड पडले, बदलीसाठी अर्ज गेले, नळावर बायका घागर बाजूला ओढून घेऊ लागल्या. श्रीगोंद्याहून मास्तरीणबाईंचे भाऊ जीप घेऊन बहिणीला न्यायला आले, तेव्हा बाईंनी त्यांना बसवून चहा पाजला आणि स्वतःचीही पिशवी भरली. "न्यायचं तर दोघींना न्या. पगार माझा चांगला हाय, पर आदीच सांगते, मला शेण काढाय येत न्हाई." भाऊ कप अर्धा टाकून पळाले.

पण बाईंची खरी लढाई लग्नाच्या मांडवात. आमच्याकडे माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारतात आणि नवरा-बायकोला जोडीने पुढे बोलावून आहेर करतात. एकट्या बाईला ब्लाउजपीस दिला की झालं. नर्सबाईंचं एकटीचं नाव पुकारलं की त्या ढिम्म हलायच्या नाहीत. मंगलाष्टका व्हायच्या, पंगती उठायच्या, मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागायचा, आणि बाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, उपाशी. जिच्या हातावर नवरी जन्मली ती बाई उपाशी जाणार म्हटल्यावर घरच्यांना घाम फुटायचा. शेवटी माईकवाला एकदाचा बोलायचा, "नर्सबाई आणि मास्तरीणबाई, जोडीनं पुढं यावं!" मग मास्तरीणबाई लाजत पदर सावरत निघायच्या आणि नर्सबाई निवडणूक जिंकल्यासारख्या. पुढेपुढे गावाला सवयच झाली. आज शहरात आमचे मोर्चे निघतात, झेंडे फडकतात, मीही त्यात घसा फुटेस्तोवर ओरडते. राजूरचा मोर्चा एका खुर्चीत बसून निघायचा, हे मला विसरायचं नाही.

कारण नगरला मी आणि रेश्मा एकत्र राहतो. घरी सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. यंदा धाकट्या भावाचं लग्न निघालं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "तिला आण, पर मैत्रीण म्हणून. मागं बसू दे. माईकवर काय नको." मी म्हटलं, "मग मीही मागंच बसणार. करवली दुसरी बघ." आणि खरंच बसलो दोघी, शेवटच्या रांगेत, फुगून.

मास्तरीणबाई गेल्या वर्षीच वारल्या. माईकवाल्याने आपल्या परीने समजूतदारपणा दाखवून "नर्सबाईंनी पुढं यावं" एवढंच पुकारलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा पुकारलं. आई आहेराचं ताट घेऊन त्यांच्यापाशी गेली. "बाई, मास्तरीणबाई आता न्हाईत ना. कसं बोलवायचं?"

"तुझा नवरा तरी कुटं हाय?" बाई म्हणाल्या. "पत्रिकेत त्याचं नाव छापलंस का न्हाई? कैलासवासी लावून का व्हईना, छापलंस ना?"

आईने ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. मग वळली आणि सरळ माईकपाशी गेली. उभ्या जन्मात जिने माईक धरला नव्हता, तिने तो माईकवाल्याच्या हातातून काढून घेतला. "नर्सबाई आणि कैलासवासी मास्तरीणबाई, जोडीनं पुढं यावं." बाई उठल्या. आईने त्यांना दोन साड्या दिल्या, वाकून नमस्कार केला. पण माईक काही सोडला नाही. तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं, माझं नाव घेतलं आणि थांबली. "आणि रेश्मा," आई म्हणाली. "या गं. जोडीनं."

अख्ख्या मांडवातून आम्ही चालत गेलो. कोण कुजबुजलं असेल ते असो, त्यांची नाळ कुणी कापली ते त्यांना माहीत होतं. आहेर घेतला आणि आधी नर्सबाईंचे पाय धरले. बाई, तुम्ही बसून राहिलात म्हणून आम्ही आज चालत आलो, असं म्हणायचं होतं, पण रडूच फुटलं.

"बास, बास," बाई दोन्ही साड्या छातीशी धरून म्हणाल्या. "चला आदी पंगतीला. मास्तरीणला उशिरा जेवलेलं सोसत न्हाई."