दहा पोत्यांची गाडी

आमच्या गाडीला रबरी चाकं बसवायची की नाही, हे ठरायला एक अख्खा हिवाळा गेला. मी ती गाडी कधी हाकली नाही, तिच्यातून पुण्यालाही कधी गेले नाही. पण घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून हिशेबाची मांडामांड माझ्याकडे आली.

तेव्हा आमची गाडी लाकडी चाकांची, वरून लोखंडी पट्टीची धाव चढवलेली होती. कोळवणहून तांदूळ भरून पुण्याला जायची. सहा पोती भरली की बैलांना पुरे होई. पहिला मुक्काम पौडाच्या पुढे. मग पिरंगुटचा चढ सकाळच्या गारव्यात चढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुणं. तिथली काही घरं ठरलेली होती. त्यांना हातसडीचाच आंबेमोहर लागे, गिरणीचा चालत नसे. माल घरोघर पोचवून परत यायला चार दिवस मोडत.

हातसडीचा म्हणजे थोरल्या जाऊबाईंनी आणि मी कांडलेला. सहा पोत्यांना आम्हाला बारा दिवस लागत. भाकरी-पाणी उरकलं की उखळ, दुपारची भांडी घासून झाली की परत उखळ. गाडी गेली की त्यातले तीन दिवस हात मोकळे. मी गोधडी शिवायला घ्यायची आणि सुई हातात धरून भिंतीला टेकून नुसती बसायची.

एका खेपेला आमचे मालक पुण्याहून आले ते रबरी चाकांचंच बोलत आले. बाजारात कोणाची तरी तशी गाडी त्यांनी पाहिली होती.

"दहा पोती, आबा. आन बैल असं चालत व्हतं, जसं काय लग्नाला निघाल्यात."

मामंजी तंबाखू मळत होते. म्हणाले, "बैलाला ठेच लागली तर लंगडत का व्हईना, घरला येतो. रबरातली हवा गेली तर त्ये येतंय का लंगडत?"

"पंप संगं ठिवायचा. पौडाला सायकलवाला हाय, त्यो ठिगळ लावतो."

"पौडाला हाय. पर वाटंनं बाभळी किती हायेत, त्या मोजल्यास का?"

मग मामंजींनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं, "सूनबाईला म्हनावं, समदं कागदावर मांड." मी दाराआड उभीच होते, पण आमच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नाही, सूनही सासऱ्याशी बोलत नाही. जे काय असेल ते आत्याबाईंना सांगायचं, आणि मामंजींनी ते ऐकायचं. मला ती रीत बरी वाटे. नाही तरी माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी मधोमध रेघ मारली. एका अंगाला लोखंड, दुसऱ्या अंगाला रबर. धाव बसवायला लोहाराला दरसाल काय जातं, सुताराला काय जातं. रबर किती वर्षं टिकेल, हे मालक सांगतील तसं. बैल एका दमात कुठवर जातील, कुठे पाणी, कुठे पेंढा. हवा गेली तर ठिगळ लावायची जागा किती कोसांवर. बाभळीचा काटा सोडला तर बाकी सगळीकडे रबर वरचढ निघालं. भार जास्त आणि चार दिवसांची वाट तीन दिवसांत.

शेवटी मी एक गोष्ट मांडली, जी कोणी विचारली नव्हती. दहा पोती, कांडणाऱ्या दोघी, दिवस वीस. आणि खेप तर पंधरवड्याला एक. ते पाच दिवस कुठून आणायचे, हे मला सुचेना. मोकळे दिवस तर त्यात धरलेच नव्हते.

जाऊबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना हळूच वाचून दाखवलं.

"मंग वाच की त्ये बी," त्या म्हणाल्या.

"मामंजी म्हनतील, घरातलं काम कुनी मांडतं का."

"बैलाचा पेंढा मांडलास. आपुन बैलापरीस सवंग हाय व्हय गं?"

तरी मी ते वाचलं नाही. आत्याबाईंच्या पुढ्यात बसून वरचं सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर आल्यावर कागद खाली ठेवला. जाऊबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जुनी चाकं आणि एक कालवड विकून रबर आलं. पहिली खेप झाली तशी मालक हसत घरी आले. एक दिवस आधीच आले होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उखळाला.

पुढचे दोन महिने मला नीट आठवतही नाहीत. पहाटे उठायचं ते हात आखडलेलेच असायचे. जाऊबाईंचा उजवा खांदा सुजला, हात डोक्यापर्यंत जाईना. रोज सकाळी त्यांचा अंबाडा मी घालून द्यायची. एकदा पिरंगुटाजवळ काटा घुसला आणि गाडी दोन दिवस तिथेच अडकली. मालक उन्हाने काळेठिक्कर होऊन आले. मला त्या दोन दिवसांत झोप मिळाली होती. त्यांच्यापुढे ताट ठेवताना मला त्याची लाज वाटली.

पाचव्या खेपेला बैल जुंपून झाले आणि पोती आठच निघाली.

मामंजी अंगणात उभे होते. आत्याबाईंना म्हणाले, "इचार, दोन पोती कुटं ऱ्हायली?"

आत्याबाई वळल्या त्या जाऊबाईंकडे. म्हणाल्या, "हिचंच काम ढिलं पडलंय. हाल्ली सारखी खांदा धरून बसती." जाऊबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला.

मी पदर पुढे ओढला. जुवाकडे बघत म्हणाले, "मामंजी, दहा पोती दोघींच्यानं व्हत न्हाईत. वीस दिस लागत्यात."

मी थेट त्यांच्याशी बोलले, हे आधी मलाच कळलं नाही. आत्याबाईंनी आपलाही पदर सावरला.

मामंजी म्हणाले, "ह्ये तवा का न्हाई मांडलंस?" तेही थेट मलाच.

"मांडलं व्हतं. वाचलं न्हाई."

ते गाडीकडे वळले. मग मालकांना म्हणाले, "आठच घिऊन जा. हितनं फुडं आठच."

"आठासाठी रबर घेतलं व्हय, आबा?"

"मंग वरची दोन तू कांड."

मालक गाडीत चढले. परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते मला सोसलं. जाऊबाईंनी खांद्याला हळद-तेल लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बोललीस बाई एकदाची."

तेव्हापासून आठ पोती. आठाला सोळा दिवस लागतात आणि खेप पंधरवड्याची. म्हणजे अजूनही एक दिवस कमी पडतो, आणि हात मोकळे असा दिवस तर राहिलाच नाही. ते मी सांगितलं नाही. परत तसं अंगणात उभं राहून बोलण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता. आम्ही पहाटे थोडं आधी उठतो.