बांगड्यांना रंग लावू नका

ट्रक गेटवर लागलेला होता. ड्रायव्हर दोरखंड काढून बसलेला. आणि शेडमध्ये आमचा सगळा माल चांदीच्या भांड्यांसारखा चमकत होता.

मी खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. विचारलं, "हे कुणी केलं?"

"मस्त दिसतंय ना?" देसाई साहेब म्हणाले. देसाई आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. कोकणातले, मनाने चांगले, आवाज मोठा. "खंडेनवमीला पोरांनी मनापासून काम केलं. तू सुट्टीवर होतीस, नाहीतर बघितलं असतंस."

मी सुट्टीवर होते हे खरं. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्याची पत्रकं छापून आणणं आणि आम्ही राहतो त्या कोपर गावात घरोघर वाटणं हे काम दरवर्षी माझ्याकडे असतं. मी दोन दिवस कारखान्यात नाही, तेवढ्यात हा पराक्रम.

आधी माल काय होता ते सांगते, नाहीतर माझा संताप कळणार नाही.

समुद्रातल्या तेलविहिरींपासून किनाऱ्यापर्यंत तळावरून लोखंडी पाइप टाकतात. त्यावर जाड कोटिंग असतं. पण पाइप उचलताना, ओढताना, खाली सोडताना ते कुठेतरी खरचटतंच. खारं पाणी नेमकं तिथे लोखंड खायला लागतं. यावर उपाय म्हणून पाइपला ठरावीक अंतरावर अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं जाड कडं बसवतात आणि वायरने पाइपला जोडतात. दोन धातू असे जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यातला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. इथे कडं झिजतं, पाइप वाचतो. प्लॅटफॉर्मच्या पाण्याखालच्या पायांनाही याच धातूचे लांब ठोकळे वेल्ड करतात. पुस्तकात याला सॅक्रिफिशियल अ‍ॅनोड म्हणतात. आमच्या शेडमध्ये पाइपवाल्या अ‍ॅनोडला बांगडी म्हणतात. मानपाड्याजवळच्या आमच्या कारखान्यात या बांगड्या ओततात आणि मी त्यांची क्वालिटी बघते. माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. कागदावर तरी असंच आहे.

तर बांगडीचं एकच काम, झिजणं. त्यासाठी तिचा उघडा धातू पाण्याला लागला पाहिजे. आणि आमच्या लोकांनी तिला ऑइलपेंट फासला होता. सिल्व्हर. दोन हात.

पूजेशी माझं भांडण नाही. मशीनला हळदकुंकू लावा, झेंडूची माळ घाला. पण खंडेनवमीला आमच्याकडे जे दिसेल ते रंगवायची पद्धत आहे. क्रेन, पंखे, गेट, पाण्याचा पिंप. या वेळी डबे उरले म्हणून बांगड्यांवर हात फिरवला. टेस्टसाठी ठेवलेले धातूचे नमुनेसुद्धा सोडले नाहीत.

"साहेब, हा माल जाणार नाही."

"अगं कांबळे, ड्रॉइंगमध्ये पेंट लिहिलंय."

"आतल्या बाजूला लिहिलंय."

"मग आतून चालतो तर बाहेरून का नाही?"

हा प्रश्न मला त्या दिवशी इतक्या वेळा विचारला गेला की मी उत्तर पाठ करून टाकलं. बांगडीची आतली बाजू पाइपला लागून असते. तिथून झिजली तर बांगडी सैल होईल, निखळून पडेल. म्हणून आतून रंग. बाहेरून झिजायलाच हवी, म्हणून बाहेरून रंग नाही. यात कठीण काय आहे?

कठीण हे होतं की आमच्याकडे लोखंडाला रंग लावणं म्हणजे काळजी घेणं. गणपतीच्या आधी खिडकीचं ग्रिल रंगवणारी माणसं आम्ही. रंगवलेली वस्तू बिघडली असेल हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

तेवढ्यात क्लायंटचे इन्स्पेक्टर पेंडसे साहेब आले. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आलेले, त्यामुळे आधीच वैतागलेले. वजन, माप, तडे, एवढं बघून शिक्का मारायचा हे त्यांचं काम. मला वाटलं, सुटले. निदान या माणसाला तरी सांगावं लागणार नाही.

पेंडसे साहेबांनी एका बांगडीवर हात फिरवला. "वा. यंदा फिनिशिंग उत्तम आहे हं."

देसाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"सर, तो ऑइलपेंट आहे," मी म्हटलं. "या बांगड्या पाण्यात काहीही काम करणार नाहीत."

"अहो, रंग काय, समुद्रात निघून जाईल."

"तसं लिहून द्या. रंग निघून जाईल, मी जबाबदार. खाली सही."

ते चष्मा पुसायला लागले. पत्रकं वाटताना मी एक गोष्ट शिकलेय. माणूस कितीही जोरात बोलत असो, लिहून द्या म्हटलं की त्याचा आवाज उतरतो.

पण माल अडला नव्हता. पेंडसेंनी शिक्का मारला असता आणि देसाईंनी दुसऱ्या कुणाची सही घेतली असती, तर संध्याकाळी ट्रक निघाला असता. मग त्या बांगड्या पाइपला बसून समुद्राच्या तळाशी. तिथे रोज कोण बघायला जातं? पाइप खरचटलेल्या जागी खात राहिला असता आणि एक दिवस तेल बाहेर आलं असतं. ते मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात दिसलं असतं, आमच्या फाइलमध्ये नाही.

मी कँटीनमधून बादली आणि मीठ आणलं. पाण्यात मीठ विरघळवलं, त्यात घासून घेतलेली लोखंडी पट्टी सोडली, तिला वायरने रंगवलेला नमुना जोडला. पट्टीचं व्होल्टेज मोजायला मीटर लावला. पेंडसेंना म्हटलं, "आकडा उणे आठशे मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की लोखंड सुरक्षित, एवढंच लक्षात ठेवा."

आकडा उणे सहाशेच्या आसपास बसून राहिला. हलेना.

मग तोच नमुना मी पॉलिशपेपरने घासून उघडा केला आणि परत सोडला. आकडा सरसर उणे हजाराजवळ गेला.

देसाई वाकून बघत होते. "म्हणजे रंग लावल्यामुळे आपला माल गंजायचा थांबला."

"हो."

"मग चांगलंच झालं की."

"साहेब, त्यांनी तो गंजण्यासाठीच विकत घेतलाय."

पेंडसे पहिल्यांदा हसले. देसाई हसले नाहीत. त्यांनी शेठना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"ती सही का नाही करत?" शेठ.

"शेठ, माल खराब आहे. मी करणार नाही."

"पाइप टाकणारं बार्ज थांबलंय तिकडे. तुला नोकरी नकोय का?"

"हवीये. म्हणूनच बोंबलतेय. हा पाइप फुटला तर नोकरी कुणाचीच राहणार नाही."

"मग आता काय, पत्रक काढणार आमच्या नावाने?"

"गरज पडली तर काढीन."

तेवढ्यात पेंडसेंनी शिक्का बॅगेत परत टाकला आणि फोनकडे तोंड करून शांतपणे म्हणाले, "रंग उतरवून द्या. त्याशिवाय मी मारणार नाही." बादलीने काम केलं होतं. सकाळपासून माझ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते मूठभर मिठाने झालं.

ट्रक रिकामा गेला. प्रत्येक बांगडीच्या आतल्या रंगावर टेप लावली आणि बाहेरून ब्लास्टिंग केलं. म्हणजे हवेच्या दाबाने बारीक लोखंडी कण मारून रंग खरवडला. मग सगळ्यांची वजनं पुन्हा केली, कारण बांगडीचं वजन म्हणजे तिचं आयुष्य. ज्या पोरांनी हौसेने रंगवलं होतं त्यांनाच ते उतरवावं लागलं. त्यातला गणेश मास्कमधून म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं ना."

"काय सांगायचं? रंगवू नका, असं?"

"हो मग. चाटू नका असं बॅटरीवर लिहिलेलं असतं की नाही?"

दुसऱ्या दिवशी मी पत्रक केलं. मोठी अक्षरं, एकच वाक्य, प्रत्येक रॅकवर. पाण्याच्या पिंपावरही लावलं, कारण वाचतात सगळे तिथेच. देसाई माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले. शेठनी नोकरीवरून काढलं नाही. कौतुकही केलं नाही.

माल पोचल्यावर क्लायंटच्या ऑफिसातून खरेदीवाल्यांचा फोन आला. घेतला मीच.

"मॅडम, यंदा माल जुनाट दिसतोय हो. खरखरीत, काळपट."

"बरोबर आहे."

"पेंडसे साहेब सांगत होते की आधी छान चमकत होता."

"काही वर्षांनी पाणबुडे तपासायला खाली जातील," मी म्हटलं. "तेव्हा बांगड्या याहून वाईट दिसतील. खड्डे पडलेल्या, निम्म्या झालेल्या. तशा दिसल्या तर फोन करायची गरज नाही. नव्यासारख्या दिसल्या, तर मात्र ताबडतोब करा."