फ्लॉपीच्या आतलं कुंकू

लोकांच्या खोड्या काढायची सवय मला लहानपणापासून. आईचे धपाटे खाऊनही ती गेली नाही, ती गेली ऑफिसातल्या एका दसऱ्याला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गोंदियाला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी बालाघाटच्या एका इंजिनियर साहेबांकडे घरांचे नकाशे काढायला लागले. त्याआधी तिथले सगळे नकाशे एक म्हातारे ड्राफ्ट्समन हातानं काढत. सगळे त्यांना काका म्हणत. मी आले आणि त्यांचा ड्रॉइंग बोर्ड मागच्या खोलीत गेला. त्याच्यावर आम्ही चहाचे कप ठेवू लागलो. काकांना घरी पाठवणं साहेबांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी फ्लॉप्या सांभाळायचं काम काकांना दिलं. तेवढ्यावर त्यांची खुर्ची टिकली.

तेव्हा कॉम्प्युटरचं पोट फार लहान होतं. घर बांधून झालं की नकाशा फ्लॉपीवर उतरवायचा आणि कॉम्प्युटरमधून पुसून टाकायचा. पुढेमागे कुणाला वरचा मजला चढवायचा झाला, तर पाया किती भार पेलेल हे त्या फ्लॉपीवरूनच कळणार; साइटवरचा छापील कागद तोवर फाटून गेलेला असे.

काकांनी हे काम भलतंच मनावर घेतलं. स्टीलचा डबा आणला, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला.

"काका, फ्लॉपीले कीड लागते का?" मी विचारलं.

"तांदळाले लागते, डाळीले लागते, मंग हिले काहून नाही लागणार?"

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होई. टेप, ओळंबा, टी-स्क्वेअर, कंपास. त्या वर्षी काकांनी फ्लॉप्याही मांडल्या आणि एकेकीच्या लेबलावर कुंकू लावू लागले. मला राहवेना. मी एक फ्लॉपी उचलली, तिची पत्र्याची झडप सरकवून आतली काळी चकती दाखवली.

"काका, देव तर आत बसला आहे. तुम्ही दारालेच कुंकू लावून राह्यले."

"हौ ना!" काका म्हणाले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. पलीकडच्या गृहस्थांना देवघर ईशान्येलाच हवं होतं आणि ईशान्येला त्यांची विहीर होती. त्यांची समजूत घालून परत येते तो डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्यांना आतून ओलं हळदकुंकू लागलेलं, वर अक्षता. पोटातलं हसू पोटातच थिजलं. तीन वर्षांचे नकाशे होते ते. मी मूग गिळून गप्प बसले.

उन्हाळ्यात लालबर्रा रोडवरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. विधवा बहिणीला जवळ आणायचं होतं, म्हणून वरचा मजला काढायचा होता. साहेबांनी त्यांची फ्लॉपी घातली. कुर्र कुर्र. दुसरी घातली, तेच. मग त्यांनी झडप सरकवली आणि बघतच राहिले.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब. दसऱ्याले," काका म्हणाले.

"काहून पण?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हातारा झालो, साहेब. समजलं नाही."

साहेबांचा आवाज चढला. एक डबा सांभाळता येत नसेल तर उद्यापासून येऊ नका, म्हणाले. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. आजही त्या दोन मिनिटांचा मला स्वतःचाच राग येतो.

काका उठले, सायकल काढून निघून गेले. ते आता येत नाहीत असंच आम्ही धरलं. पण अर्ध्या तासात ते परत आले, ते कॅरिअरला ट्रेसिंग पेपरची जाडजूड गुंडाळी बांधून. त्यांनी त्यातला एक कागद टेबलावर पसरला. बाईंचं घर, पायापासून छतापर्यंत, हातानं काढलेलं.

"पोरीचा प्रिंट निघाला का मी एक घरी न्यायचो, साहेब. पाहून पाहून काढत बसायचो. हात विसरू नये म्हणून."

गुंडाळीत सगळीच घरं होती. मी वाकून बघितलं. कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढणार' म्हणून माझं नाव होतं, 'तपासणार' म्हणून त्यांचं. आणि जिन्यापाशी लाल पेन्सिल चालली होती. न्हाणीचं दार मी असं काढलं होतं की ते उघडलं की जिन्यावर आपटलं असतं. काकांनी ते दुसऱ्या भिंतीत नेलं होतं.

बाईंनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "हौ, हे काका आलते ना बांधकामाच्या वेळी. मिस्त्रीले म्हणे, कॉम्प्युटर चुकला."

मला तिथंच रडू फुटलं. "साहेब, कुंकू आत लावायले मीच सांगतलं होतं," मी म्हटलं.

साहेब मला बरंच बोलले आणि ते सगळं मी ऐकून घेतलं. काकांची खुर्ची राहिली. बोर्डावरचे कप मी त्याच दिवशी उचलले. बाईंचा वरचा मजला पावसाळ्याआधी चढला.

पुढे ऑफिसात सीडी आल्या. त्या वर्षीच्या दसऱ्याला काकांनी एक सीडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "पोरी, हिले तर दारच नाही. देव कुठी बसला आता?"

मी कुंकवाचं बोट त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला टेकवलं. मग मी अक्षता उचलल्या, तसा त्यांनी हात मागे घेतला.

"जपून वं," म्हणाले. "आत गेल्या तं मीबी बंद पडीन."